खुलासा दिला की हरलात

२००१ सालच्या जून महिन्यात, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या नॅसाऊ कोलिझियममध्ये 'समर जॅम' नावाचा रॅपचा मोठा जलसा भरला होता. मंचावर रॅपर जे-झी होता. त्याने मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक फोटो झळकवला. एका लहान मुलाचा, नाचाच्या पोशाखातला. बस्स, एवढंच. पण रॅपच्या इतिहासात हा फोटो एखाद्या जीवघेण्या हल्ल्यासारखा सांगितला जातो.

तो मुलगा म्हणजे मॉब डीप या जोडीतला प्रॉडिजी. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतल्या रात्री, बंदुका आणि दगाफटका यांवरच्या थंड, कडवट रॅपने त्याने नाव कमावलेलं. १९९५ चा 'द इन्फेमस' हा त्यांचा अल्बम आजही जाणकार उभं राहून ऐकतात. आता त्याच्या घरचं पाहा. आजीची क्वीन्समध्ये नृत्यशाळा. आजोबा बड जॉन्सन, जॅझमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक. आई 'द क्रिस्टल्स' या गायिकांच्या गटात गायलेली. अशा घरातलं पोर नाचाला नाही जाणार तर कुठे जाणार? पण पडद्यावरच्या त्या पोराने मोठेपणीच्या प्रॉडिजीला उघडं पाडलं, असा सगळ्यांचा ग्रह झाला. गंमत अशी, की त्याच रात्री त्याच मंचावर जे-झीने मानाचा पाहुणा म्हणून आणला होता मायकेल जॅक्सनला. म्हणजे नाचाला कुणाची हरकत नव्हती.

मग हरकत कशाला होती? मला या कलेचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथे. खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू किती मुडदे पाडलेस? जॉनी कॅशने १९५५ साली खून करून तुरुंगात पडलेल्या कैद्याच्या तोंडचं गाणं गायलं. तो स्वतः शिक्षा होऊन कधीच तुरुंगात गेला नव्हता आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला नाही. रॅपरने मात्र 'मी' म्हटलं की त्या 'मी'ची उलटतपासणी सुरू होते. कुठल्या गल्लीतला? खरंच भोगलंस का? ओळी तुझ्याच का? आणि ही तपासणी करणारा बहुतेक वेळा दुसरा रॅपर असतो. तीही गाण्यातून, चारचौघांत, तालात आणि यमकात.

या भांडणांची मुळं हिप-हॉपच्या आधीची आहेत. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये पोरांचा एक जुना खेळ आहे, 'द डझन्स'. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, बाकीच्यांनी कोंडाळं करायचं आणि एकमेकांच्या आईवरून, घरावरून, गरिबीवरून आळीपाळीने टोले हाणायचे. तुमच्या घरातली झुरळंसुद्धा भाडं थकवून पळाली, अशा धर्तीचे. ज्याला उत्तर सुचणार नाही तो बाद. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हार्लेममधल्या पोरांमध्ये वावरून हा खेळ बारकाईने अभ्यासला आणि १९७२ साली त्यावर लिहिलं. त्याला सापडलेला नियम मोठा विलक्षण आहे. टोला उघडउघड खोटा हवा. मारणारा, खाणारा आणि बघणारे, तिघांनाही तो खोटा असल्याचं ठाऊक हवं. मग समोरचा हसून दुसरा टोला मारतो आणि खेळ चालू राहतो. पण चुकून एखादा शब्द खऱ्याला लागला, कुणाचा बाप खरोखरच दारुडा निघाला, की हसू थांबतं. समोरचा मुलगा टोला मारत नाही. तो म्हणतो, तसं काही नाहीये, माझे वडील तसले नाहीत.

म्हणजे खुलासा. लबॉव्हच्या निरीक्षणातली ही जागा मला फार मोलाची वाटते. टोल्याला टोला मिळाला तर तो खेळ. टोल्याला खुलासा मिळाला, की खेळ मोडला आणि खुलासा देणारा उघडा पडला.

रॅपने हा खेळ उचलला आणि त्याचा नियम उलटा करून टाकला. आता खोट्या टोल्याला कोणी विचारत नाही, खरा टोला हवा. फोटो हवा, शाळेचा दाखला हवा, जुन्या मालकाकडचं पगारपत्रक हवं. एवढी उलथापालथ कशी झाली?

माझ्या मते ती रेकॉर्डमुळे झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगतात. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. असल्या पार्ट्यांत माईक हातात घेणारा एमसी काय वाटेल त्या बाता मारायचा, आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं; कारण तो कुठल्या मजल्यावर राहतो, त्याची आई कुठे कामाला जाते, हे समोरच्या निम्म्या लोकांना माहीत होतं. ओळखीच्या माणसाच्या बाता ही करमणूक असते. शंका येते ती अनोळखी माणसाबद्दल. १९७९ साली रॅपची रेकॉर्ड निघाली, आवाज एकीकडे आणि माणूस दुसरीकडे झाला. हा 'मी' कोण, हा प्रश्न तिथे जन्मला.

आणि तो पहिल्याच गाजलेल्या रेकॉर्डमध्ये जन्मला, हे तर एखाद्या लेखकाने रचावं असं. न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीला रॅपची रेकॉर्ड काढायची होती. तिथल्या पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हेन्री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक टेप लावून त्याबरोबर रॅप म्हणत बसायचा. टेप होती ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची. हँक त्याचं व्यवस्थापन बघत असे. स्वतः रॅपर नव्हता. त्याला दुकानाबाहेर गाडीत बसवून चाचणी घेतली आणि निवडला. आता म्हणायचं काय? तो कॅझकडे गेला. कॅझने पुढे अनेकदा सांगितलंय, की मी माझी वही त्याच्यासमोर टाकली, हवं ते घे म्हणालो. कॅझचं आधीचं नाव होतं कॅसानोव्हा फ्लाय, आणि वहीतल्या एका कडव्यात त्याने ते नाव एकेक अक्षर सुटं करून गुंफलं होतं. हँकने ते कडवं जसंच्या तसं म्हटलं. दुसऱ्याच्या नावाच्या अक्षरांसकट! 'रॅपर्स डिलाइट' जगभर वाजलं, बिलबोर्डच्या यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंत चढलं. कोट्यवधी लोकांनी पहिल्यांदा ऐकलेला रॅप हा असा उसना होता, आणि मूळ मालकाची सही त्यात ऐकू येत होती. कॅझला ना श्रेय मिळालं ना मानधन.

इथे मराठी माणसाला जरा थांबावंसं वाटेल. आपल्याकडे होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा, आणि 'होनाजी बाळा' असं जोडनाव लागून दोघंही अमर झाले. बाळा दुसऱ्याच्या ओळी गातो म्हणून तो खोटा, असं पेशवाईत कुणाच्या मनात आलं नाही. लावणीच्या फडावर ओळ आणि गळा ही दोन माणसांची दोन कामं असू शकत होती. रॅपने ती मुभाच ठेवली नाही. का, याचं उत्तर मला हँकच्या त्या कडव्यात दिसतं. जन्मतःच चोरी झाली, म्हणून चोरीचा धसका कायमचा बसला.

दोनच वर्षांनी, डिसेंबर १९८१ मध्ये, हार्लेम वर्ल्ड या क्लबात हा धसका पहिल्यांदा शस्त्र म्हणून बाहेर आला. बिझी बी हा गर्दी खेळवण्यात पटाईत. हात वर करा, ओरडा, तुमची रास कोणती, असं करत तो हमखास बाजी मारायचा. त्या रात्री त्याच्या पाठोपाठ कूल मो डी चढला आणि त्याने गर्दीकडे बघितलंच नाही. तो थेट बिझी बीवर घसरला: तेच तेच यमक, त्यातही काही विकत घेतलेलं, नावसुद्धा लव्हबग स्टार्स्कीवरून उचललेलं. त्या प्रसंगाची कॅसेट हातोहाती शहरभर फिरली. ती आजही ऐकता येते, आणि ऐकताना जाणवतं की एका रात्रीत मोजमापच बदललं. लोकांना नाचवता येतं का, हा प्रश्न मागे पडला. तुझं स्वतःचं काय, हा पुढे आला.

अस्सलपणाचा ध्यास कुठल्या थराला जाऊ शकतो, ते १९८४ साली दिसलं. यू.टी.एफ.ओ. या गटाने भाव न देणाऱ्या रोक्सॅन नावाच्या पोरीवर एक गाणं काढलं. पोरगी काल्पनिक. याच गटाने एका कार्यक्रमाला येतो म्हणून सांगून ऐनवेळी टांग दिली, तेव्हा क्वीन्सब्रिजमधली लोलिता शाँटे गूडन ही चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, मीच रोक्सॅन होते आणि यांना उत्तर देते. कपडे धुवायला निघाली होती, वाटेत मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरी थांबली आणि एका दमात रेकॉर्ड करून गेली, असं ती सांगते. आवाज पोरसवदा, चिरका, आणि जीभ अशी की समोरच्या तीन पुरुषांची सालटी निघाली. गाणं तुफान चाललं. आता यू.टी.एफ.ओ.च्या गोटाने काय करावं? त्यांनी दुसरी एक मुलगी उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'द रिअल रोक्सॅन'. जी अस्तित्वातच नव्हती तिची असली आवृत्ती! मग रोक्सॅनचे आईवडील, तिचा भाऊ, तिचा डॉक्टर असल्या थाटाची उत्तरं निघाली, डझनांनी. कुठल्याही काल्पनिक बाईचं एवढा मोठा गोतावळा आणि त्यावर एवढी कज्जेदलाली दुसरीकडे झाली असेल असं वाटत नाही. शाँटेने मात्र एक गोष्ट अचूक ओळखली होती. तिने मी खरी कशी, हे पटवून देण्यात एक ओळही घालवली नाही. टोलेच टोले हाणले.

तिच्याच वसाहतीतला एमसी शॅन इतका शहाणा नव्हता. त्याने आणि मार्ली मार्लने 'द ब्रिज' हे गाणं केलं, आपल्या क्वीन्सब्रिजमध्ये हे सगळं कसं सुरू झालं ते सांगणारं. ब्राँक्समधल्या केआरएस-वनने त्याचा अर्थ लावला, की हा गडी हिप-हॉपचा जन्मच क्वीन्सब्रिजमध्ये झाला म्हणतोय! केआरएस काही काळ बेघरांच्या निवाऱ्यात राहिलेला; तिथे काम करणाऱ्या स्कॉट ला रॉकशी त्याची जोडी जमलेली. १९८६ साली त्यांनी 'साउथ ब्राँक्स' काढून जन्मस्थळाचा कज्जा मांडला. शॅनने १९८७ साली उत्तर दिलं आणि त्यात म्हणाला, मी तसं म्हटलंच नव्हतं. शब्दशः बघितलं तर तो बरोबर होता. पण लबॉव्हची ती हार्लेममधली पोरं आठवा. केआरएसने लगोलग 'द ब्रिज इज ओव्हर' काढलं, आणि शॅनची कारकीर्द त्यानंतर पूर्वीसारखी कधीच उभी राहिली नाही. ब्राँक्सच्या मातीसाठी असा लढलेला केआरएस-वन जन्मला होता ब्रुकलिनमध्ये, पण शॅन बिचारा खुलाशात अडकला होता. पुढे १९९० च्या दशकात स्प्राइटने दोघांना एका जाहिरातीत बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर उभं केलं. भांडणाचा बाजारभाव तोवर सगळ्यांना कळला होता.

पत्त्याचं हे वेड मुंबईतही तसंच उतरलं. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा, आणि २०१५ साली दोघांनी मिळून केलेल्या गाण्याच्या नावातच गल्ली. पुण्याचा एमसी स्टॅन २०२३ साली 'बिग बॉस' जिंकला तेव्हाही त्याची ओळख ताडीवाला रोडच्या वस्तीतला पोरगा हीच राहिली. २०१८ मध्ये रफ्तारच्या मुलाखतीतल्या एका शेऱ्यावरून एमिवे बंटायने त्याच्यावर गाणं सोडलं, रफ्तारने उलट सोडलं, आणि ज्यांना रॅप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं अशी कॉलेजातली पोरंही बाजू घेऊन भांडू लागली. न्यूयॉर्कात रुळलेला नियम इथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

१९९० च्या दशकातल्या तुपाक आणि बिगी या रॅपरांच्या वैरावर मी इथे रेंगाळणार नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासला तुपाक मारला गेला, मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला बिगी. एक पंचविशीचा, दुसरा चोविशीचा. बाल्टिमोरच्या कलाशाळेत अभिनय शिकलेला तुपाक शेवटी गाण्यातल्यासारखाच गेला म्हणून तो अस्सल, असं सांगणारे भेटतात, तेव्हा चीड येते. गोळी हा कशाचाच पुरावा नसतो.

त्या मृत्यूंनंतर भांडणं पुन्हा कागदोपत्री झाली, हे बरंच झालं. जे-झीने समर जॅमला नॅस या रॅपरलाही डिवचलं होतं. सप्टेंबर २००१ मधल्या 'टेकओव्हर' या गाण्यात त्याने नॅसच्या अल्बमांचा जणू ताळेबंदच मांडला: इतक्या वर्षांत चांगले किती, सरासरी काय, आणि गाण्यातलं आयुष्य तू कधी जगलास? नॅसने डिसेंबरमध्ये 'ईथर' सोडलं. त्यात ताळेबंदाला उत्तर नाही, जगण्याचे दाखले नाहीत. आहे तो नुसता तेजाबासारखा उपहास. रेडिओच्या श्रोत्यांनी नॅसला कौल दिला. जे-झीने आणखी एक गाणंही टाकलं, ते इतकं हीन होतं की त्याच्या आईने कान उपटले आणि त्याला जाहीर माफी मागावी लागली. २००५ साली दोघं एका मंचावर आले. पुढे जे-झी डेफ जॅम या कंपनीचा अध्यक्ष असताना नॅसने तिथेच करार केला.

पण अस्सलपणाच्या या सगळ्या शास्त्राला सुरुंग लावला तो रिक रॉसने. मियामीचा हा भारदस्त गडी कोकेनच्या साम्राज्याची गाणी गायचा. रिक रॉस हे नावही १९८० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या खऱ्या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यावरून घेतलेलं. २००८ साली 'द स्मोकिंग गन' या संकेतस्थळाने त्याचा जुना फोटो छापला. अंगावर गणवेश. फ्लोरिडाच्या तुरुंगखात्यात तो सुमारे दीड वर्ष पहारेकरी होता! गाण्यात ज्यांच्या बाजूने बोलतो त्यांना कुलुपात ठेवणारा. याहून मोठा फज्जा कल्पनेत येत नाही. आधी त्याने खुलासा केला, फोटो बनावट आहे म्हणाला. कागदपत्रं निघाली, तेव्हा गप्प बसला, मग कबूल केलं. ५० सेंट या रॅपरने पुढल्या वर्षी त्याची यथेच्छ टवाळी केली. आता हा संपला, असं धरून चालावं तर २००९ चा त्याचा 'डीपर दॅन रॅप' अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. खरा व्यापारी रिक रॉस तुरुंगातून सुटून आला आणि नाव चोरल्याचा दावा लावून बसला. २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल रॅपरच्या बाजूने दिला. थोडक्यात, ज्याचं आयुष्य खरं होतं तो हरला.

रॉस वाचला कसा? गाणी दणदणीत होती, हे आहेच. पण त्याने खुलासे थांबवले, हेही आहे. या डावपेचाची सगळ्यात सुबक मांडणी २००२ च्या '८ माइल' या सिनेमात आहे. शेवटच्या बॅटलमध्ये एमिनेमचं पात्र स्वतःची सगळी लक्तरं स्वतःच वेशीवर टांगतं, गरिबी, मार खाल्लेला, प्रेयसीने फसवलेलं, आणि वर प्रतिस्पर्धी खासगी शाळेत शिकलाय हे सांगून माईक त्याच्या हातात देतं. समोरचा बोलूच शकत नाही. खुलासा मागण्याची सोयच उरलेली नसते.

आता ड्रेक. टोरांटोचा, किशोरवयात टीव्ही मालिकेत व्हीलचेअरवरच्या मुलाची भूमिका केलेला, आई कॅनडातली ज्यू, वडील मेम्फिसचे काळे संगीतकार. अस्सलपणाच्या दरबारात त्याला पहिल्या दिवसापासून पायरीवर उभं केलेलं. २०१५ च्या जुलैत मीक मिल या रॅपरने जाहीर केलं, की हा ओळी दुसऱ्याकडून लिहून घेतो. हँकवर व्हायला हवा होता तो आरोप ३६ वर्षांनी ड्रेकवर झाला. नमुन्यादाखलच्या ध्वनिफितीही बाहेर आल्या. ड्रेकने आरोपाचं नाव काढलं नाही. चार दिवसांच्या अंतराने दोन गाणी मीकवर सोडली, दुसऱ्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि लोक हसले मीकला. २०१८ साली पुशा टी या रॅपरने ड्रेकचा चेहऱ्याला काळं फासलेला जुना फोटो गाण्याच्या मुखपृष्ठावर छापला, शिवाय त्याला एक गुपचूप मुलगा आहे हे फोडलं. या खेपेला ड्रेकने निवेदन लिहिलं: फोटो २००७ चा आहे, काळ्या नटांच्या वाट्याला येणाऱ्या भूमिकांवरची ती टीका होती. निवेदन सुसंगत होतं. लढाई तिथेच संपली.

२०२४ च्या वसंतात केन्ड्रिक लमार या रॅपरशी त्याची जुंपली तेव्हा तर काय काय झालं! सुरुवातीला आखाड्यात उतरलेल्या जे. कोलने एक गाणं सोडलं आणि दोन दिवसांत, भर मंचावरून, ते मागे घेतलं. एप्रिलमध्ये ड्रेकने एका गाण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला तुपाकचा आवाज वापरला. मेलेल्या माणसाच्या उसन्या गळ्यातून तो केन्ड्रिकला टोमणे मारवत होता. तुपाकच्या वारसांनी वकिलाची नोटीस धाडली, गाणं काढून घ्यावं लागलं. ३ मेच्या रात्री ड्रेकने गाणं टाकल्यावर काही मिनिटांत केन्ड्रिकचं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी 'नॉट लाइक अस'. त्यात अल्पवयीन मुलींसंबंधीचे, कुठेही सिद्ध न झालेले अत्यंत गंभीर आरोप होते, आणि ताल असा की लग्नाच्या वरातीत वाजावा. ५ मे रोजी ड्रेकचं उत्तर आलं. त्यात त्याने आरोप नाकारले, आणि तुला माहिती मीच मुद्दाम खोटी पुरवली होती, असंही सांगितलं. कदाचित ते खरंही असेल. पण अख्खं गाणं खुलाशाचं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नॉट लाइक अस'ने पाच ग्रॅमी घेतले आणि आठवड्याभरात केन्ड्रिकने ते सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात गायलं.

त्याआधीच, जानेवारीत, ड्रेक न्यायालयात गेला होता. अब्रुनुकसानीचा दावा, पण केन्ड्रिकवर नाही, तर युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपवर. ही कंपनी दोघांचीही गाणी जगभर पोचवते. म्हणणं असं, की कंपनीने खोटं ठाऊक असूनही गाणं रेटलं आणि लोकांनी ते खरं मानलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातल्या न्यायाधीश जेनेट व्हार्गास यांनी दावा फेटाळला. आशय असा: डिस ट्रॅक, म्हणजे असं टोल्याचं गाणं, ऐकणारा सामान्य माणूस ते शोध घेऊन, पडताळून मांडलेलं सत्य आहे असं समजत नाही, चिडलेल्या दोघांच्या शिवीगाळीत अतिशयोक्ती गृहीतच असते.

निकाल वाचताना मला लबॉव्हची ती पोरं दिसली. पन्नास वर्षं रॅपने खऱ्याचा एवढा बडिवार माजवला आणि न्यायालयाने त्याला परत डझन्सच्या कोंडाळ्यात नेऊन उभं केलं. सगळ्याच न्यायालयांनी असं केलेलं नाही. जॉर्जियात यंग थग या रॅपरवर टोळीचा खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यातल्या ओळी पुरावा म्हणून वाचायला परवानगी दिली होती. उलट कॅलिफोर्नियाने २०२२ साली असल्या पुराव्याला लगाम घालणारा कायदा केला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नामवंत कलावंतांनी एक खुलं पत्रही काढलं होतं: रॅपमधल्या ओळी शब्दशः खऱ्या धरून कुणाला आरोपी करू नका. ड्रेकचा दावा फेटाळावा असं सांगताना युनिव्हर्सलच्या वकिलांनी हे पत्र न्यायालयापुढे ठेवलं. सह्या करणाऱ्यांत ड्रेक होता.

त्याने निकालावर अपील केलं आहे.